मामांच्या गाडीतला वारा

माझ्या सासऱ्यांना सगळं निमगाव केतकी झुंबरतात्या म्हणतं. मी मामा म्हणते, कारण आमच्याकडं सासऱ्याला मामा आणि सासूला आत्या म्हणायची पद्धत आहे. चिडल्यावर मनातल्या मनात आणखी काय म्हणते ते इथं सांगण्यासारखं नाही. गेला अख्खा हिवाळा या माणसानं गाडीतल्या एका आवाजापायी घर डोक्यावर घेतलं होतं. इंजिनाचा आवाज नाही, चाकाचा नाही. वाऱ्याचा. सुंऽऽ असा, बारीक, न थांबणारा.

लोक हसायचे. म्हणायचे, तात्या, गाडी पळाली की वारा वाजणारच. मीही आधी तेच म्हणत होते. पण मामांना तो आवाज घालवायचा होता तो गाडीच्या हौसेपायी नाही. त्या वाऱ्यामुळं त्यांना आत्यांचं बोलणं ऐकू येत नव्हतं. एवढंच दुखणं होतं. ते कसं, ते सांगते.

मामांचा जन्म ट्रॅक्टरवर गेला. ट्रॅक्टरही दुसऱ्याचा. उसाच्या हंगामात मागं दोन ट्रॉल्या जोडून कारखान्यावर खेपा करायच्या, तिथं रांगेतच गोधडी टाकून पडायचं, आणि घरी यायचं ते आंघोळीपुरतं. हंगाम संपला की लोकांची नांगरट. त्यामुळं या नवराबायकोला कुणी बसून गप्पा मारताना पाहिलेलं नव्हतं. आत्या भाकरी बांधून द्यायच्या, मामा डबा उचलून जायचे. घरात दीर, जावा, पोरंटोरं. त्या गर्दीत बोलणं व्हायचं ते वैरण संपली आणि मीठ कमी पडलं एवढंच. त्यात ट्रॅक्टरच्या आवाजानं मामांचे कान जरा जाड झालेले, आणि गळा मोठा. ते कुजबुजले तरी शेजारच्या पानमळ्यात ऐकू जातं.

म्हातारपणी त्यांनी गाडी घेतली. जुनीच, पांढरी, कुणा डॉक्टरनं वापरून सोडलेली. माझे मालक इंद्रजित भिगवणकडं कंपनीत कामाला आहेत, ते म्हणाले, "आबा, कशाला हा खटाटोप?" पण मामांना हौस. गाडी दारात आली, आख्खी गल्ली गोळा झाली, नारळ फुटला, पेढे वाटले. त्या दिवसापासून मामांचा गाडीत एकच कायदा होता. दार हळू लावायचं. पाहुणा उतरायला पाय बाहेर काढतोय तोवर मामा बजावायचे, "दार हळू बरं का. ट्रॉलीचं फाळकं न्हाय ते." ट्रॉलीचं मागचं लोखंडी फाळकं त्यांनी जन्मभर दणादणा आपटलं, आणि आता गाडीच्या दाराला मात्र फुलासारखं जपायचे. एकदा मी बाजाराच्या पिशव्या घेऊन उतरले, दोन्ही हात गुंतलेले, म्हणून कमरेनं दार ढकललं. तर हा माणूस संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलला नाही. मीही बोलले नाही. मी काय कमी आहे का?

मग आत्यांच्या किडन्या गेल्या. डॉक्टरनं सांगितलं, आता आठवड्यातनं दोनदा डायलिसिस, बारामतीला. सुया टोचायला म्हणून त्यांच्या डाव्या हाताची शीर जोडून घेतली. त्या हातानं जड उचलायचं नाही, ओढायचं नाही, त्यावर झोपायचं नाही. आत्या तो हात तान्ह्या पोरासारखा पदराखाली घेऊन बसायला लागल्या. इंद्रजित म्हणाले, भाड्याची गाडी लावू, ड्रायव्हर येईल. मामा म्हणाले, "का? मी मेलो का?" झालं. पुढं कुणाची बोलायची टाप नव्हती.

जाताना आत्या गप्प असायच्या. अंगावर सूज, श्वास जड. येताना मात्र अंग हलकं व्हायचं आणि त्या बोलायला लागायच्या. हे मामांनी सांगितलं तेव्हा मला खरंच वाटेना. आमच्या आत्या, ज्यांना चहात साखर हवी का विचारलं तर मान हलवतात, त्या बारामतीपासनं निमगावपर्यंत बोलतात? पण बोलायच्या. त्यांचं माहेर सुप्याकडचं, कोरडवाहू. बाप शेळ्या राखायचा, माळावर हरणं फिरायची. ते सगळं त्या मामांना सांगायच्या, आणि मामा घरी आले की हातपाय धुवायच्या आधी मला सांगायचे. "रेश्मा, हिला ल्हानपणी हरणाचं पाडस घावलं हुतं म्हणं माळावर. वट्यात घालून घरी आणलं हुतं. आता बोल. इतक्या वर्सात मला ठावं न्हाय." सांगताना त्यांचं तोंड लाडू मिळालेल्या पोरासारखं व्हायचं. त्या दिवसांत मला मामा फार आवडायचे, खोटं कशाला सांगू.

थंडी पडली आणि बिघडलं. डायलिसिसनंतर आत्यांना हुडहुडी भरायची, म्हणून गाडीच्या काचा वर गेल्या. बाहेर नवा रुंद रस्ता झालेला. मामांना वाटायचं, बाई दमलीय, लवकर नेऊन गोधडीत घालावी. म्हणून ते गाडी पळवायचे, आणि गाडी पळाली की सुंऽऽ. इतके दिवस काचा खाली होत्या तेव्हा सगळाच वारा होता, त्यात हा निराळा कळला नव्हता. आता बंद गाडीत तो तेवढाच उरला. आत्यांचा आवाज मुळात बारीक, सुया निघाल्यावर तर अगदीच पातळ. मामा म्हणायचे, "आं?" आत्या परत सांगायच्या. मामा परत, "आं?" मग आत्या म्हणायच्या, "काय न्हाय."

"ते काय न्हाय मला लागतं बघ," मामा एकदा मला म्हणाले. मी भाकरी थापत होते, ते चौकटीला टेकून उभे. "ती कायतरी येकच सांगती, दर खेपंला. तोंडावरनं कळतं मला. आन् मी निस्ता वारा ऐकतोय. जन्मभर तिला बोलायला सवड दिली न्हाय, आता ती बोलती तर हे असं." मी परातीतनं मान वर केली नाही. डोळ्यात पाणी आलं होतं, आणि तवा तापला होता.

तेव्हापासनं ते आवाजाच्या मागं लागले. आधी टपावरचं कॅरिअर काढलं. मग एरियल काढलं. आरशांना फडकी गुंडाळून बघितली. मग कुणीतरी सांगितलं की हवा दाराच्या रबरातनं येती. झालं, मामांनी माझ्या रांगोळीचा डबा पळवला. दाराच्या रबराला कोरडी रांगोळी लावायची, दार लावायचं, उघडायचं, आणि चौकटीवर पांढरी रेघ कुठं तुटलीय ते चष्मा लावून बघायचं. रेघ कुठंच तुटलेली नाही. मग कॅलेंडरचं जुनं पान फाडून त्याच्या पट्ट्या केल्या. पट्टी दारात धरून दार लावायचं आणि बाहेरून ओढायची. पट्टी फाटायची पण सुटायची नाही. शेवटी काचा लावून, आतला पंखा फुल करून, दारांच्या फटींपाशी उदबत्ती फिरवायला लागले. धूर जरा हलला तर तिथनं हवा. गल्लीतल्या बायका बघायला उभ्या. मी विचारलं, "मामा, आरती पण म्हणायची का?" त्यांनी नुसतं बघितलं माझ्याकडं.

मग आली चिकटपट्टी. खोक्यांना लावतात ती, खाकी. एका डायलिसिसच्या सकाळी आत्या गाडीत बसल्या, आणि मामांनी बाहेरून त्यांचं दार चारी बाजूंनी चिकटवून टाकलं. मग मागची दारं, आणि आत बसून आतनं स्वतःचं. बारामतीपर्यंत गाडीत आवाज नाही. मामा खूश. पण आत्या जाताना कधी बोलत नाहीत, त्यामुळं ती शांतता वायाच गेली. आणि दवाखान्याच्या दारात पोचल्यावर बायकोला बाहेर काढायला मामा नखांनी पट्टी सोलत बसले. वॉचमन मागच्या गाड्यांना हात दाखवून थांबवतोय आणि हसतोय. आत्या आतनं म्हणाल्या, "मला पार्सल केलंय ह्यांनी." येताना त्यांनी पट्टी लावू दिली नाही. आवाज परत आला. पण एक कळलं, वारा दारातनंच येतो.

इंदापूरला समर्थ नावाच्या मेकॅनिकचं गॅरेज आहे. मामा गाडी घेऊन त्याच्याकडं गेले. त्यानं चारी दारांची जुनी रबरं काढून नवी घातली, चांगली जाड. मग दोघांनी सोलापूर रस्त्याला गाडी पळवून बघितली. गप्पगार. मामांनी येताना घरच्यांना भेळ आणली, आणि आत्यांना पथ्य म्हणून नुसते चुरमुरे. त्या दिवशी ते जेवताना गुणगुणत होते.

पुढच्या डायलिसिसहून आले ते तोंड पाडून. आवाज आधीपेक्षा वाढला होता. नव्या रबरानं. परत इंदापूर. समर्थ स्वतः आत्यांच्या जागेवर बसला, मामा गाडी हाकायला. काही नाही. गाडी परत फिरवली, काच खालीवर केली, वेग वाढवला. काही नाही. समर्थ भला माणूस. तो हळूच म्हणाला, "तात्या, गाडीत आवाज न्हाय. येकदा कान दाखवून घ्या."

मामा घरी आले आणि ओट्यावर बसून राहिले. चहा दिला तो गार झाला. त्यानंतर त्यांनी आवाजाचं नाव काढलं नाही. त्यांना पटलं होतं की वारा गाडीत नाही, आपल्याच डोक्यात आहे. आणि मला उगाच वाटलं की सुटलो एकदाचे.

सुटलो कसले. थोड्या दिवसांनी मी आत्यांच्या पायांना तेल लावत होते. आत्या छताकडं बघत म्हणाल्या, "रेश्मा, मी आता गाडीत बोलत न्हाय." मी म्हटलं, का हो? "मी कायबी बोलले तरी हे व्हय व्हय म्हणत्यात. परवा म्हणलं, पलीकडं बघा, ट्रॉली उलाटलीया. तरी व्हय व्हय." मग जरा थांबून म्हणाल्या, "कटाळले असत्याल. आजारी माणसाचं किती ऐकायचं?"

मला इतका राग आला, कुणाचा ते कळेना. एक माणूस ऐकू येत नाही म्हणून झुरतंय, दुसरं आपण नकोशी झालो असं वाटून गप्प बसतंय, आणि दोघं एका गाडीत शेजारी शेजारी बसून येतात. मी म्हटलं, पुढच्या खेपेला मी येणार. मामा म्हणाले, "तू कशाला? तुझ्या शिलाया पडल्यात." मी घरी ब्लाऊज शिवते, त्या. मी म्हटलं, "माझ्या शिलायांचं मी बघते."

डायलिसिस होईपर्यंत मी आणि मामा बाहेर बाकावर बसलो होतो. मग मामा गाडी आणायला गेले. तिथं वॉचमन गाडी थांबू देत नाही, म्हणून मामा इंजिन चालू ठेवून आतच बसतात, आणि दवाखान्यातली मावशी आत्यांना चाकाच्या खुर्चीवरनं गाडीपाशी आणते. आत्या हळूहळू बसल्या, दार त्यांनीच लावून घेतलं. मी त्यांच्या मागं बसले. गाडी सुटली.

बारामती मागं पडली, मामांनी वेग धरला, आणि आला. सुंऽऽ. मी म्हणाले, "मामा, आहे की हो आवाज." मामांनी आरशातनं बघितलं. "ऐकू येतोय तुला?" "मला काय, मेलेल्यालाही ऐकू येईल." मामांनी मोठा श्वास सोडला. त्यांच्या खांद्यावरनं काहीतरी उतरल्यासारखं झालं. वारा डोक्यातला नव्हता.

आत्यांची शाल दाराच्या बाजूला घसरली होती. ती नीट करायला मी सीट आणि दाराच्या मधनं हात पुढं घातला, आणि माझी बोटं गार पडली. दाराच्या कडेनं बारीक, सरळ हवा येत होती. मी वाकून बघितलं. दार आणि चौकट यांच्यामधे उजेडाची एक रेघ होती, दोऱ्याएवढी.

सणसरच्या अलीकडं असू. मी मामांच्या खांद्याला हात लावला आणि म्हटलं, गाडी कडंला घ्या. खाली उतरले, आत्यांच्या दाराशी गेले, आणि कमरेनं दिला एक दणका. आत कुठंतरी खट झालं. मी माझ्या जागेवर येऊन बसले. "चला."

मामांनी गाडी पळवली. अजून पळवली. गाडीत नुसता टायरचा आवाज. मामा काट्याकडं बघतात, मग आरशात माझ्याकडं.

"काय केलंस?"

"दार लावलं."

"दार तर लावल्यालंच हुतं."

"अर्धं लावलेलं होतं. एक खटका बसला होता, दुसरा नव्हता." दार उघडं असल्याचा लाल दिवा त्या गाडीत डॉक्टरच्या काळापासनंच बंद, त्यामुळं कळणार कसं? मामा दार लावायचे तेव्हा ते नीट बसायचं. समर्थनं लावलं तरी नीट बसायचं. आत्या स्वतः लावायच्या तेव्हा मात्र नाही. आणि नवं जाड रबर घातल्यावर तर त्यांच्या हळू लावण्यानं ते आणखीच बाहेर राहायला लागलं. आख्खा हिवाळा गाडी उसवली, पण आत्यांना कुणी विचारलं नाही.

मी जरा चिडूनच म्हणाले, "आत्या, दार थोडं जोरात ओढायचं ना."

"जोरात ओढू नगं म्हणलंय."

"डॉक्टरनी? हातासाठी?"

"हाताचं मागनं," आत्या शालीतनं म्हणाल्या. "आदी ह्यांनी. गाडी आणली त्या दिशी. मी पयली बसले आन् दार ओढलं, तर सगळ्या गल्लीम्होरं म्हणलं, ट्रॉलीचं फाळकं हाय का त्ये? बायका हासल्या. तवापसनं मी निस्तं टेकवती."

त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. चूल कशी पेटवायची ते सांगावं तसं सांगितलं. मामांची मान ताठ झाली होती आणि कान लाल. थोडं पुढं जाऊन त्यांनी गाडी पुन्हा कडंला घेतली. उतरले, पुढनं वळसा घालून आत्यांच्या बाजूला गेले. दार उघडलं, शालीचं टोक आत घेतलं, आत्यांचा डावा हात उचलून नीट मांडीवर ठेवला, आणि दार असं काही आपटलं की मी मागं दचकले. तेवढ्यानं भागलं नाही. परत उघडलं, परत आपटलं. मग येऊन बसले, आणि गाडी चालू न करता म्हणाले, "हितनं म्होरं दार मी लावणार."

आत्यांनी मान हलवली.

गाडी निघाली. मामांनी घसा साफ केला.

"सारजा, तू दर खेपंला कायतरी येकच सांगायचीस. काय त्ये?"

"काय न्हाय."

"न्हाय, सांग. आता ऐकू येतंय मला."

आत्या खिडकीतनं बाहेर बघत होत्या. "मी म्हणत हुते," त्या म्हणाल्या, "गाडी जरा हळू चालवा. घर लई लवकर येतं."

मी ओढणी तोंडात धरली. मामांनी अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय सैल केला असावा, कारण झाडं हळूहळू जायला लागली. हळू गेले असते तर वारा वाजलाच नसता. हे त्यांना तेव्हा कळलं का, मला माहीत नाही. मला कळलं आणि मी रडले, मोकळेपणानं रडले, मागं कोण बघतंय?

घरी जाऊन मला भाकरी टाकायच्या होत्या. दोन ब्लाऊज द्यायचे होते. मी तोंडातनं चकार शब्द काढला नाही. मागनं उसाचा ट्रॅक्टर आला, दोन ट्रॉल्या जोडलेला, गाणी लावलेला, आणि हॉर्न मारायला लागला. मामांनी जन्मात ट्रॅक्टरला पुढं जाऊ दिलेलं नव्हतं. त्यांनी काच खाली करून त्याला हात दाखवला, जा बाबा. काच परत वर केली. मग मान थोडी आत्यांकडं कलती करून म्हणाले, "आन् त्या पाडसाचं फुडं काय झालं?"